सातवा महिना आहे. जांघेत आणि ओटीपोटाखालच्या हाडात इतकं दुखतं की कूस बदलता येत नाही. शिक्षिका आहे, वर्गात उभं राहवत नाही. सगळे म्हणतात, ‘होतंच’. उपाय नाही का?

उपाय आहे. साधारण पाचातल्या एका गर्भवतीला हा त्रास होतो, पण म्हणून तो मुकाट्याने सोसायचा असं कोणी ठरवलं?

माझ्या दुसऱ्या वेळी हेच झालं होतं. डॉक्टर याला पेल्व्हिक गर्डल पेन म्हणतात. ओटीपोटाखाली समोर हाडं जुळतात तो सांधा आणि मागे कमरेखालचे दोन सांधे, यांची हालचाल दोन्ही बाजूंना सारखी होईनाशी होते. म्हणूनच एका पायावर भार आला, की जिना असो वा सलवार घालणं, कळ येते. बाळाला यापासून धोका नसतो. पण ‘बाळ छान आहे’ म्हटलं की विषय संपतो आणि आईची झोप उडाली आहे, मोठ्या लेकराला कडेवर घेता येत नाही, अंघोळीलाही कोणाचा तरी हात लागतो, हे कुणी विचारत नाही. मला याचा फार राग येतो. महिनोन्‌महिने असं काढलं की मनही खचतं. तसं होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

मला खरा फरक पडला तो गरोदरपणातल्या दुखण्यांचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टमुळे. तिने मी उठते कशी, चालते कशी हे पाहून व्यायाम दिले. बेल्टही तिनेच बांधून दाखवला. तो पोटावर नाही, खाली खुब्यांभोवती बसायला हवा. कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून एकदम वळायचं, झोपताना पायांमध्ये उशी, कपडे बसूनच घालायचे, जिना एकेक पायरी. स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसणं, मांडी घालणं बंद. आणि ‘उकिडवं बसून फरशी पूस, बाळंतपण सोपं होईल’ हा सल्ला कितीही मायेने दिला असला, तरी या दुखण्यात पाळू नका.

मेडिकलमधून स्वतःहून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणू नका. विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच.

शाळेत खुर्ची मागा, त्यात कमीपणा नाही. मातृत्व लाभाच्या कायद्यात नेहमीच्या रजेशिवाय गरोदरपणातल्या आजारासाठी दाखल्यावर महिनाभरापर्यंत जादा पगारी रजेची तरतूद आहे.

नॉर्मल डिलिव्हरी बहुतेकींची होते. फक्त गुडघे न दुखता किती फाकतात ते आधी मोजून ठेवा आणि लेबर रूममध्ये सांगा. कुशीवर राहूनही बाळंतपण होतं. नंतर बहुतेकींचं दुखणं ओसरतं. माझं ओसरायला काही महिने लागले, व्यायाम तेव्हाही सुरू होते.

रक्तस्राव, पाणी जाणं, ताप, लघवीला जळजळ, ठरावीक अंतराने पोट कडक होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, एकाच पोटरीला सूज, यातलं काहीही असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या तपासणीला ‘जरा दुखतं’ एवढंच म्हणू नका. किती पावलं चालवतं, रात्री कितीदा जाग येते, कोणती कामं सुटली, हे नेमकं सांगा आणि फिजिओसाठी चिठ्ठी मागून घ्या.