१९७४ साली पोर्तुगालमध्ये नेमकं काय घडलं? रेडिओवरच्या एका गाण्याने सरकार पडलं हे खरं का?

गाण्याने सरकार पडत नाही. गाणं हा इशारा होता, आणि तोही एक नव्हे, दोन. गोव्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास लिहितं, "लोकांनी फुलं वाटली आणि सालाझार पळाला." पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार १९७० मध्येच वारला. उलथला तो त्याच्यानंतरचा पंतप्रधान मार्सेलू कायतानू.

उठाव केला लष्करातल्या कॅप्टन लोकांनी. १९६१ पासून आफ्रिकेतल्या वसाहती हातात ठेवण्यासाठी युद्ध चालू होतं, त्यात जुलै १९७३ मध्ये सक्तीच्या भरतीतल्या अधिकाऱ्यांना छोट्या कोर्सवर कायम अधिकाऱ्यांच्या बरोबरीला बसवणारा हुकूम निघाला. ठिणगी तिथे पडली. १६ मार्चचा पहिला प्रयत्न फसला, कारण काल्दश दा राइन्या गावची एकच रेजिमेंट लिस्बनकडे निघाली आणि बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत.

म्हणून एप्रिलमध्ये सगळ्यांना एकाच वेळी इशारा हवा होता. २४ एप्रिलला रात्री १०.५५ ला 'ई देपोइश दु आदेउश' लागलं. ते त्या वर्षी युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत पोर्तुगालने पाठवलेलं गाणं, त्यामुळे संशय यायचं कारण नाही. पण ते स्टेशन लिस्बनच्या आसपासच ऐकू यायचं. बाहेरगावच्या पलटणींसाठी देशभर पोचणाऱ्या रेडिओ रेनासेन्सावर १२.२० ला 'ग्रांदुला, विला मोरेना' वाजलं. पहिल्याचा अर्थ तयार राहा, दुसऱ्याचा अर्थ निघा.

सांतारें शहराहून कॅप्टन साल्गेरू माया यांची तुकडी सकाळी सहाच्या सुमारास लिस्बनच्या तेरैरू दु पासु चौकात, थेट मंत्रालयांच्या दारात पोचली. माझ्या मते सगळा निकाल इथेच लागला. सरकारचे रणगाडे समोर आले, ब्रिगेडियरने गोळीबाराचा हुकूम दिला आणि रणगाड्यातल्या जवानाने तो पाळला नाही. चौकासमोरच्या नदीत उभ्या असलेल्या फ्रिगेटनेही (युद्धनौकेनेही) तोफा डागल्या नाहीत. लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोवली ती सैन्य रस्त्यावर आल्यावर. दुपारी लिस्बनमधल्या कार्मुच्या बराकीला वेढा पडला. आत अडकलेल्या कायतानूने सत्ता जनरल स्पिनोलाच्याच हाती देईन असा हट्ट धरला, आणि संध्याकाळी त्याला चिलखती गाडीतून बाहेर नेलं.

पुढचे महिने भराभर गेले. मे मध्ये स्पिनोला अध्यक्ष झाला, जुलैत वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क कायद्याने मान्य झाला, सप्टेंबरात गिनी-बिसाउला मान्यता मिळाली. ३० सप्टेंबरला स्पिनोलाने राजीनामा दिला आणि त्याच्या जागी जनरल कॉश्ता गोमिश अध्यक्ष झाला.

आणि ३१ डिसेंबर, जो सगळे विसरतात. त्या दिवशी नवी दिल्लीत पोर्तुगालचे मारियू सुआरिश आणि आपले यशवंतराव चव्हाण या दोन परराष्ट्रमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं आणि १९५५ पासून तुटलेले राजनैतिक संबंध पुन्हा जुळले. "१९७४ पर्यंत गोवा कायद्याने पोर्तुगालचाच होता" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा करार एकदा वाचावा. मान्यता सहीच्या दिवसापासून दिलेली नाही, ते प्रदेश भारतात आले त्या तारखांपासून दिलेली आहे.

एक राहिलं. परीक्षेत 'रक्तहीन क्रांती' लिहू नका. २५ एप्रिललाच गुप्त पोलिसांनी आपल्या लिस्बनच्या मुख्यालयातून जमावावर गोळ्या झाडल्या, त्यात चार माणसं मेली. ते मुख्यालय शरण आलं दुसऱ्या दिवशी सकाळी.