पत्रकारिता शिकतोय, फोटोजर्नालिस्ट व्हायचंय. कॅमेरा आहे, पण शिकायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहात, किट लेन्सवाला (कॅमेऱ्यासोबत येते ती साधी लेन्स) जुना डीएसएलआर आहे, नवी लेन्स घ्यावी का कळत नाही, आणि यंदा वारीत जाऊन पोर्टफोलिओ करायचा विचार आहे. पुढे एखाद्या दैनिकात इंटर्नशिपही हवी आहे. मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकाच्या फोटो डेस्कवर काढली, आता शिकवतो. सुरुवात वारीपासून करतो, कारण तिथंच आपलं जमणार नाही.

वारीला जा, जरूर जा. पण पोर्टफोलिओसाठी नको. पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी प्रत्येक वळणावर कॅमेरेवाले आधीच जागा धरून बसलेले असतात. वरून दिसणारा तोच नागमोडी रस्ता, डोक्यावर तुळस घेतलेली तीच आजी, रिंगणात दौडणारा तोच अश्व, जेजुरीत उधळलेला तोच भंडारा. डेस्कवर असे फोटो ढिगानं येतात आणि कुणाचा कुठला हे नाव झाकलं तर सांगता येत नाही. वाईट नसतात हो, छान असतात. त्यातून रंग आणि प्रकाश कळतो, पत्रकारिता कळत नाही. वारीतच काम करायचं असेल तर मुक्काम हलल्यावर मागे थांबा. एवढा समाज रात्रभर राहून गेलेलं मैदान सकाळी कोण झाडतं? टँकर कुठून भरून येतो? फिरती शौचालयं कोण साफ करतं, त्याला त्या दिवसाचे पैसे किती मिळतात? हे विचारायला लागलात की कॅमेरा आपोआप वेगळीकडे वळतो.

माझं सांगणं एवढंच आहे: फोटोत जे दिसत नाही ते विचारून घ्यायची सवय लावा. बाकी सगळं त्यामागून येतं.

त्यासाठी घराजवळचा एक विषय धरा आणि वर्षभर सोडू नका. पुण्यात आहात तर गुलटेकडीचं मार्केट यार्ड घ्या. रात्री गाड्या लागतात, पहाटे लिलाव, मग दिवसभर चढ-उतार. हमाल, तोलणार, आडते, कांदा निवडणाऱ्या बायका, चहावाला पोऱ्या, सगळ्यांची वेळ वेगळी. पहिल्या खेपेला कॅमेरा पिशवीतच राहू द्या. हमाल पंचायत ही हमालांची संघटना, तिच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रात जेवा, बोला. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाचा फोटो कुणीही काढेल. पण फोटोत पोतं दिसतं, वजन दिसत नाही. एका पोत्याचं वजन ५० किलोच्या वर नसावं ही हमालांची जुनी मागणी आहे. ही गोष्ट माहीत असली की तुम्ही पाठीऐवजी काट्यावरचा आकडा टिपाल, गुडघ्याला बांधलेला पट्टा टिपाल, हमालीच्या हिशोबाची पट्टी टिपाल. माहिती नसेल तर ‘कष्टकरी’ नावाचा आणखी एक सुंदर फोटो होईल आणि फेसबुकवर बदाम मिळतील.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचं मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचं काम शोधून बघा. कचऱ्याच्या गाडीवर, गटारात आणि कामगारांच्या घरात ते पुन्हा पुन्हा गेले आहेत, हे फोटो बघताना कळतं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘पारी’ या संकेतस्थळावरच्या ग्रामीण फोटो-कथाही वाचा. वाचा म्हणतोय, नुसत्या बघू नका. मराठीत आहेत, आणि विद्यार्थ्यांचं कामही तिथे घेतात.

आता फोटोओळ, म्हणजे फोटोखाली छापायची माहिती. विद्यार्थी तिला शेवटचं, कंटाळवाणं काम समजतात. मी पोरांना फोटो बघायच्या आधी ओळ वाचायला मागतो. नाव, वय, गाव, काय चाललंय, कधी, कुठे. ‘एक वृद्ध शेतकरी’ असं लिहून आलं की मी परत पाठवतो. त्याला नाव आहे, तुम्ही विचारलं नाही एवढंच. ही शिस्त सगळ्यात चांगली कुठे लागते सांगू? सत्कार, दीपप्रज्वलन आणि ‘जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देताना शिष्टमंडळ’ या असाइनमेंटमध्ये. हसू नका. त्या फोटोत डावीकडून सातवा माणूस गाळलात तर सकाळी नऊला कार्यालयात फोन येतो. नाव गाळलं की काय होतं हे एकदा कानांनी ऐकलं की आयुष्यभर वही खिशात राहते.

नाव लिहिता येत नाही अशाही जागा असतात. भोपाळची वायुगळती, डिसेंबर १९८४: मातीत पुरल्या जाणाऱ्या एका लहान मुलाचा चेहरा रघू राय यांनी टिपला, पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही टिपला. एक कृष्णधवल, एक रंगीत. दोन्ही शेजारी ठेवून बघा. एकाच क्षणाशी दोन नजरा काय करतात याचा इतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही. ते मूल कोणाचं हे कळलं नाही, आणि ओळीत तसंच लिहिलं जातं. न कळणं हीसुद्धा बातमीच आहे. आपण न विचारणं ही नाही.

कायद्यानं नाव लिहायला बंदी असते ती वेगळी. लैंगिक अत्याचारातलं बालक असेल तर पॉक्सोच्या (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम २३ नुसार चेहराच काय, पत्ता, शाळा, घरच्यांची माहिती, शेजार यांतलं काहीच ओळख पटेल असं देता येत नाही. चेहरा पुसट केला आणि मागे घराची पाटी तशीच ठेवली तर उपयोग शून्य. प्रौढ पीडितेसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ७२ आहे. कॉलेजच्या वार्तापत्रात काम करतानाही हे लागू आहे, ‘आम्ही विद्यार्थी आहोत’ ही सबब चालत नाही.

फाइलशी खेळण्याबद्दल. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत सीएसटीवर कसाबचा फोटो काढणारे सेबॅस्टियन डिसोझा पुढे कोर्टात साक्षीदार म्हणून उभे राहिले. त्यांचे फोटो पुरावा ठरले. तुमचा फोटो कोर्टात जाईल असं नाही, पण जाऊ शकेल असाच तो ठेवायचा. मूळ फाइल जपून ठेवा, कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर लावा. उजेड थोडा वरखाली करणं, कडा क्रॉप करणं चालतं. मधे आलेली वायर पुसणं चालत नाही. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीतल्या साधारण २० टक्के नोंदी अशाच फेरफारांमुळे बाद झाल्या होत्या, आणि ते सगळे व्यावसायिक होते.

संगणकाला हात न लावताही खोटेपणा करता येतो बरं का. जूनमध्ये पाऊस लांबला की भेगाळलेल्या जमिनीवर कपाळाला हात लावून आभाळाकडे बघणारा शेतकरी छापून येतो. दरवर्षी. तो स्वतःहून बसला होता की ‘काका, जरा वर बघा’ म्हणून बसवला होता? बसवला असेल तर तो फोटो बातमीचा नाही. खरा दुष्काळ बहुधा बँकेच्या रांगेत किंवा चारा छावणीत सापडतो, तिथे कुणी आभाळाकडे बघत नसतं.

तंत्रावर थोडक्यात, कारण ते यूट्यूबवर पुष्कळ आहे. नवी बॉडी नको. जमलं तर सेकंडहँड ५० एमएम, १.८ ची लेन्स घ्या, ती कमी उजेडातही चालते. यार्डात रात्री किट लेन्स दम तोडते. प्रत्येक ठिकाणी आधी लांबून सगळा परिसर, मग माणूस काम करताना, मग हात, पाय, वस्तू, आणि एक नीट व्यक्तिचित्र, अशी फेरी मारायची सवय लावा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. लाल टोप्यांच्या गर्दीचे फोटो सगळ्यांनी काढले, पण लोकांच्या मनात बसले ते सोललेले तळवे. गर्दीचा फोटो मिळाला म्हणून कॅमेरा बंद करणाऱ्यांना ते मिळाले नाहीत.

पैसे आणि नाव. ‘क्रेडिट देऊ’ म्हणून फुकट फोटो मागणारे भेटतील. नोकरीत नसाल आणि कुणी पैसे देऊन काम सांगितलेलं नसेल, तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचे पहिले मालक तुम्हीच. द्यायचा तर द्या, पण कशासाठी आणि किती वेळा वापरणार हे मेलवर लिहून घ्या, आणि ‘छाया’ पुढे तुमचंच नाव हवं. होमाई व्यारावाला, जे. जे.त शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात होते. आता तशी वेळ नाही, पण नाव गाळणारे अजून आहेत.

इंटर्नशिपसाठी पन्नास फोटोंची लिंक पाठवू नका, कुणी उघडत नाही. पंधराएक फोटो पुरे: त्यात मार्केट यार्डसारखी एक पूर्ण कथा आठ-दहा फोटोंची, बाकी सुटे. प्रत्येकाला ओळ, युनिकोडमध्ये टाइप केलेली. फाइलच्या नावात तारीख आणि ठिकाण. आणि फोन दुपारी करा. संध्याकाळी सातनंतर पानं लागत असतात, तेव्हा फोटो एडिटर स्वतःच्या घरच्यांशीसुद्धा धड बोलत नाही.