मशिनं वाढली की एनएफएस शेअर का मंदावतो

तुम्ही लिहिलंय की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तुमच्या टॉवेल कारखान्यात डिझाइन विभागाची 6 लिनक्स मशिनं होती तोवर एनएफएस शेअर, म्हणजे सर्व्हरवरचा नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा सामायिक फोल्डर, सुरळीत चालायचा. आता ऑफिस आणि डिस्पॅच धरून 30 झालीत आणि सकाळी डिझाइनचा फोल्डर उघडायलाच मिनिटभर लागतं. व्हेंडर म्हणतोय दहा गिगाबिटचा स्विच (मशिनांच्या तारा जोडणारी पेटी) घ्या. माझं मत स्पष्ट सांगतो, तो स्विच आत्ता घेऊ नका.

गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला साधारण 110 एमबी जातात. फोल्डर उघडताना त्याच्या आसपासही डेटा जात नाही. तेव्हा जातात ते बारीकसारीक प्रश्न: ही फाइल आहे का, कुणाची आहे, कधी बदलली, मला वाचता येईल का. प्रत्येक प्रश्न सर्व्हरपर्यंत जाऊन परत येतो. उत्तर मेमरीत नसेल तर डिस्कवर शोधावं लागतं, आणि 7200 आरपीएमची साधी डिस्क असे विखुरलेले वाचन सेकंदाला जेमतेम शंभरेक करते. साडेनऊला 30 जण एकदम बसले की रांग तिथे लागते, तारेत नाही.

पण माझ्यावरही विश्वास ठेवू नका, मोजा. शेअर अडकलेला असतानाच एका क्लायंटवर, म्हणजे शेअर वापरणाऱ्या मशिनवर, 'एनएफएसआयओस्टॅट' ही कमांड दर 5 सेकंदांनी चालवा. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. 'आरटीटी' म्हणजे विनंती पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ. 'एक्झी'मध्ये त्याआधी क्लायंटवरच थांबलेला वेळही धरलेला असतो. आरटीटी कमी आणि एक्झी बरीच जास्त असेल तर क्लायंटमध्येच तुंबलंय. आरटीटीच जास्त असेल तर त्याच वेळी सर्व्हरला साधा पिंग मारा, म्हणजे नेटवर्कवरून छोटी हाक देऊन उत्तर किती लवकर येतं ते बघा. पिंग झटपट येत असेल, तर बहुतेक नेटवर्क निर्दोष आहे आणि सर्व्हरच दमलाय.

मग सर्व्हरवर डिस्क किती व्यस्त आहे हे दाखवणारी 'आयओस्टॅट' कमांड बघा. डिस्क सतत शंभर टक्क्यांजवळ असेल तर पैसे एसएसडी आणि रॅमवर घाला. रॅम भरपूर असली की रोजच्या फाइली मेमरीतूनच मिळतात. डिस्क निवांत आणि तरी उशीर, तर एनएफएसच्या थ्रेडची, म्हणजे सर्व्हरवर एकाच वेळी विनंत्या हाताळणाऱ्या कामगारांची, संख्या तपासा. बऱ्याच जुन्या सेटअपमध्ये ती मूळची 8 असते. 30 मशिनांसाठी 32 करून बघा, खर्च शून्य.

स्विचकडे एक नजर टाकाच. विभाग वाढत गेला तसे कुणीतरी टेबलाखाली आठ पोर्टचे छोटे स्विच एकापुढे एक जोडलेले असतात, आणि मागच्या सगळ्यांचा भार एकाच तारेवर येतो. एखादी खराब केबल गुपचूप 100 मेगाबिटवर उतरलेली असते. 'इथटूल' या कमांडने ते लगेच दिसतं.

खरा फरक मात्र शेअरवर काय ठेवता यानेच पडतो. होम डिरेक्टरी (प्रत्येकाचा स्वतःचा फोल्डर) शेअरवर असेल तर ब्राउझरचा कॅश (पुन्हा लागेल म्हणून साठवलेला डेटा), थंबनेल, तात्पुरत्या फाइली हे सगळं दिवसभर सर्व्हरला छळत असतं. कॅश प्रत्येकाच्या स्थानिक डिस्कवर हलवा. एकाच फोल्डरात सगळ्या वर्षांची डिझाइन कोंबली असतील तर वर्षवार वेगळी करा. मागच्या वर्षांना आता कुणी हात लावत नसेल, तर तो भाग क्लायंटवर फक्त वाचण्यासाठी माउंट करून (जोडून) 'अ‍ॅकटाइमिओ' 600 द्या. म्हणजे क्लायंट फाइलींची माहिती 600 सेकंद स्वतःजवळ ठेवेल आणि तेच तेच प्रश्न कमी विचारेल. बॅकअप दिवसा चालत असेल तर रात्री न्या, तो फोल्डरांचं सगळं झाड पिंजून काढतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. वेगासाठी एक्सपोर्टमध्ये (सर्व्हरवरच्या शेअरच्या सेटिंगमध्ये) 'असिंक' लावायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो लावला की डेटा डिस्कवर पोचण्याआधीच सर्व्हर 'सेव्ह झालं' म्हणून सांगतो. ऐन मे महिन्यात वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी थकलेली निघाली, तर डिझायनरने सेव्ह केलेलं काम गेलं, आणि ते गेल्याचं त्याला कळतही नाही. 'सिंक'च ठेवा. तसंच लिहिण्याच्या शेअरवर 'सॉफ्ट' माउंट नको, त्यात सर्व्हर गप्प झाला की क्लायंट थोड्या वेळाने प्रयत्न सोडतो; उत्तर येईपर्यंत थांबणारा 'हार्ड'च हवा.

हे सगळं करून आरटीटी उतरली आणि तरी सर्व्हरची तार दिवसभर भरलेली दिसली, तर दहा गिगाबिट घ्या, पण सर्व्हर ते मुख्य स्विच एवढ्याच जोडणीसाठी. टेबलावरच्या मशिनांना गिगाबिट पुरे आहे.