क्योटोत एका दिवसासाठी खासगी गाईड घ्यावा का?

प्रश्न असा आहे: 'आई-वडिलांना घेऊन नोव्हेंबरात क्योटोला जातोय. दोघं सत्तरीचे, शाकाहारी. एका दिवसासाठी खासगी गाईड घेतला तर पैसे वसूल होतात, की गुगल मॅपवर भागतं?'

घ्या. गुगल मॅपवर तुमचं भागेल, त्यांचं भागणार नाही.

हे मी सांगावं म्हणजे नवलच. नागोयात सहा वर्षं काढली, जपानी भाषेची एन२ परीक्षा पास आहे, क्योटोला पंधरा वेळा तरी गेलो असेन. मागच्या वर्षापर्यंत कुणी विचारलं असतं तर 'उगाच पैसे घालवू नका' म्हणून मोकळा झालो असतो. मग आई-बाबा आले आणि पुण्यात बसून ताईने मला न विचारता गाईड बुक केली. एका दिवसाचे ४० हजार येन. मेल मला फॉरवर्ड केली, वर एकच ओळ: 'पहिला दिवस तुझा, दुसरा माझा.' काय राग आला म्हणून सांगू! भाषा येते, रस्ते पाठ, पोटचा पोरगा हजर आहे, आणि तरी पैसे मोजून परकं माणूस?

तर आधी माझा दिवस. आराशियामा, किंकाकुजी, फुशिमी इनारी. पश्चिम, वायव्य आणि दक्षिण. ज्याने क्योटोचा नकाशा पाहिलाय तो इथेच हसेल. नोव्हेंबरात पानं लाल होतात तेव्हा तिथली सिटी बस म्हणजे आषाढीची एसटी, फरक इतकाच की कुणी बोलत नाही. आई चाळीस मिनिटं दांडीला धरून उभी. किंकाकुजीला मी भाषण ठोकलं: हे सोन्याचं मंदिर १९५० साली एका तरुण भिक्षूने जाळलं, आत्ता दिसतंय ते १९५५ चं. बाबा सातारला हायस्कुलात मास्तर होते. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटं." झालं, माझ्या भाषणातली हवाच गेली.

फुशिमी इनारीला केशरी तोरीइंच्या, म्हणजे लाकडी कमानींच्या, रांगेतून मी त्यांना योत्सुत्सुजीपर्यंत चढवलं, म्हणजे जवळजवळ अर्धा डोंगर. दर वळणावर विचारत होतो. दमलीस का? नाही रे. पाणी? नको. टॉयलेट? नको. मी ते खरं धरलं. रात्री हॉटेलात आई पलंगाच्या कडेला बसून दोन्ही गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळत होती. टॉयलेट लागू नये म्हणून तिने दुपारपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. हे मला बाबांनी सांगितलं, तेही ती झोपल्यावर.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता गाईडबाई हॉटेलच्या लॉबीत हजर. पासष्टीच्या असतील. पाठीला सॅक, हातात प्लॅस्टिकच्या कप्प्यांची जाड फाईल. आईला वाकून नमस्कार केला आणि तिथून दिवसभर तिला 'ओकाआसान' म्हणत राहिल्या, म्हणजे 'आई'. आईला ते 'आक्कासान' ऐकू आलं. "मला आक्का म्हणते बघ," असं तिने बाबांना कौतुकाने सांगितलं. मी दुरुस्त करायला गेलो तर बाबांनी डोळे वटारले.

दिवसभरात ठिकाणं तीनच. सान्जूसान्गेनदो आणि क्योमिझू ही मंदिरं, आणि निशिकी बाजार. मी मनात म्हटलं, एवढ्याचे ४० हजार?

सान्जूसान्गेनदो मी आधी दोनदा पाहिलं होतं. १२० मीटर लांबीची लाकडी शाळा असावी तसं सभागृह, बूट काढून आत जायचं, पायाखाली लाकडी जमीन गार. आत कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या सहस्रभुज बोधिसत्त्वाच्या, १००१ मूर्ती, दहा रांगांत, आणि मधे मोठी बसलेली. ती तांकेई नावाच्या शिल्पकाराने १२५४ साली घडवली, वयाच्या ८२ व्या वर्षी. एवढं मलाही माहीत होतं. पण पुढच्या ओळीत जे अठ्ठावीस रक्षकदेव आहेत त्यांच्याकडे मी कधी धड पाहिलंच नव्हतं. बाईंनी बाबांना एकासमोर थांबवलं. चोच, पंख आणि हातात बासरी. "करुरा," त्या म्हणाल्या. बाबांनी एकदा मूर्तीकडे, एकदा बाईंकडे पाहिलं. "गरुड?" बाईंनी फाईलमधलं एक पान उघडलं, त्यावर रोमन लिपीत जपानी नाव आणि शेजारी संस्कृत. मग काय, बाबा सुटले. ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, बोनतेन म्हणजे ब्रह्मा, नाराएन म्हणजे नारायण, आशुरा सांगायलाच नको. हाडं मोजून घ्यावीत असा एक म्हातारा, तो 'बासू', म्हणजे वसू ऋषी. संस्कृतातली नावं चीनमार्गे इथवर येताना उच्चारात झिजली, एवढंच. बाबा नावं ओळखत होते आणि बाई प्रत्येक बरोबर उत्तराला शाळेतल्या पोराला शाबासकी द्यावी तशी मान डोलावत होत्या. दोघांचं इंग्रजी सारखंच, सावकाश, पुस्तकी, क्रियापदं जागच्या जागी. माझ्या दुभाषेगिरीची गरज पडली ती फक्त आईला.

आईला बाईंनी वेगळंच काही शोधायला लावलं. या १००१ चेहऱ्यांत आपल्याला भेटावंसं वाटणारं माणूस सापडतं म्हणतात. आई हळूहळू चालत शेवटपर्यंत गेली आणि परत आली. मी विचारलं, सापडलं का कुणी? "एक आपल्या दूधवाल्यासारखा आहे," म्हणाली. मी हसलो. फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे कुठला दूधवाला ते विचारायचं राहून गेलं.

पाऊण-एक तासाने बाई थांबायच्या आणि म्हणायच्या, "मी जरा टॉयलेटला जाऊन येते. ओकाआसान, येता?" आई दर वेळी गेली. दर वेळी! आदल्या दिवशी मी अकरा वेळा विचारलं असेल.

क्योमिझूला सगळे सान्नेनझाकाच्या दगडी पायऱ्यांवरून मिरवत जातात, फोटो तिथलेच असतात. तिथे पडलं तर तीन वर्षांत मरण, अशी समजूत आहे. बाईंनी टॅक्सी केली, चढ संपवला आणि येताना चावानझाकाच्या साध्या उतारावरून खाली आणलं. एकही पायरी नाही. मला तो रस्ता माहीत होता, सुचला मात्र नव्हता. वरचा तो लाकडी सज्जा १६३३ चा, १३ मीटर उंच. नवस पुरा व्हावा म्हणून एके काळी लोक खाली उड्या टाकायचे. मंदिराच्या जुन्या दप्तरात २३४ उड्यांची नोंद आहे आणि त्यांतले बहुतेक जगले. १८७२ मध्ये बंदी आली. जिवावर उदार होऊन काही करणं याला जपानीत अजूनही 'क्योमिझूच्या सज्जावरून उडी' म्हणतात. ताईचे ४० हजार ही त्यातलीच उडी, असं मी बोललो. कुणी हसलं नाही.

आता तुमच्या कामाचं. शाकाहारी म्हणजे फक्त मांस-मासे नको, हे तिथे सांगून पुरत नाही. दाशी नावाचं सार जवळजवळ सगळ्यात असतं आणि ते बहुधा सुक्या मासळीचं. नुसत्या भाजीत, नूडल्सच्या रश्श्यात, टोफूसोबतच्या चटणीतसुद्धा. आमच्या बाईंनी आदल्या संध्याकाळी जेवणाच्या हॉटेलात फोन करून कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची, दाशी करून घेतली होती. इतकी वर्षं मी 'मासा नको' म्हणून जे खात आलो त्याचा हिशेब आता करत नाही.

दर पूर्ण दिवसाचा असतो, माणशी नाही, त्यामुळे चौघांत परवडतो. गाईडचं प्रवासभाडं, तिकिटं आणि जेवण वेगळं असतं का ते आधी विचारा. २०१८ पासून बिनपरवान्याचे लोकही पैसे घेऊन गाईड होऊ शकतात, ते बेकायदा नाही. पण 'त्सूयाकु आन्नाईशी'ची, म्हणजे दुभाष्या-गाईडची, राष्ट्रीय परीक्षा पास झालेला माणूस मिळाला तर तोच घ्या. 'गाईड कम ड्रायव्हर' म्हणून कुणी पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून न्यायला आलं तर बसू नका, भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या परवान्याच्या गाडीची प्लेट हिरवी असते. टिप देऊ नका, बाबांनी पाकीट पुढे केलं तेव्हा बाई इतक्या ओशाळल्या की आम्हीच ओशाळलो. शेवटी आईने सातारी कंदी पेढ्यांचा डबा दिला, तो दोन्ही हातांनी घेतला.

गियोन या गेइशांच्या भागातल्या खासगी गल्ल्यांत शिरू नका, १० हजार येन दंडाची पाटी असते. गाईड सोबत असला तरी ती लागू आहे.

हे सगळं तिशीतल्या जोडप्याला लागू नाही. तुम्ही दोघंच असाल तर गाईड नको, चुका, भटका. आणि गाईड मिळेल तो असाच मिळेल याची हमी नाही. माझ्या एका मित्राला मिळालेला तीन तास चाकूच्या दुकानात फिरवत होता.

राहिला ताईचा मुद्दा. ती म्हणते, 'तू सहा वर्षं तिथे राहून आई-बाबांना बसमध्ये उभं केलंस.' बरोबर. पण ताई, तू हे वाचशीलच म्हणून लिहितो: पैसे पाठवणं आणि सोबत चालणं यात फरक आहे, आणि तेल आणायला रात्री अकराला कोंबिनीत, म्हणजे रात्री उघड्या असणाऱ्या दुकानात, मी गेलो होतो. (मिळालं नाही, तो भाग वेगळा.) आई माझ्यापाशी 'दमले' म्हणत नाही कारण मला वाईट वाटेल. गाईडला वाईट वाटायचं कारण नाही. यात माझा दोष किती आणि तुझी हुशारी किती, तूच ठरव.

आई-बाबा भारतात परतल्यावर महिन्याने फोनवर ताईकडून कळलं. त्या मूर्तींत आईला दूधवाला नाही, तिची आई दिसली होती. डावीकडून तिसऱ्या खांबापाशी, मागच्या रांगेत. मी पुन्हा जाऊन आलो. बराच वेळ पाहिलं, मला ओळखता आली नाही.

ताईला अर्धे पैसे पाठवले, तिने परत केले. एप्रिलमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन येतेय. गाईड घेणार नाही म्हणते, 'तू आहेस ना.' मी त्या बाईंना मेल टाकून ठेवलीय.