नवीन घर बांधतोय. सोलर आत्ताच बसवावे की पॅनेल अजून स्वस्त होईपर्यंत थांबावे?

पॅनेल वर्षभराने बसवलीत तरी बिघडत नाही, पण गच्ची मात्र सोलर येणार हे धरूनच आखून घ्या. मी तसे केले नाही आणि त्याचे पैसे मोजले.

साताऱ्यात २०१६ साली घर बांधले तेव्हा पाण्याची टाकी वास्तूप्रमाणे नैऋत्येला घेतली. सहा फुटांचा चौथरा, वर चार फुटांची टाकी. २०२४ मध्ये ३ किलोवॅटचे सोलर बसवले आणि डिसेंबरात ॲपवरचा वीजनिर्मितीचा आलेख दुपारी अडीचनंतर धाडकन खाली यायला लागला. गच्चीवर जाऊन पाहिले तर टाकीची सावली! हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे दहा फूट उंचीची सावली भर दुपारीही नऊ फूट पडते आणि साडेतीनपर्यंत अठरा फुटांवर जाते, तीही ईशान्येकडे, म्हणजे थेट गच्चीच्या मध्यात. सहापैकी दोनच पॅनेल झाकली जात होती, पण ती एका माळेत जोडलेली असल्याने फटका सगळ्या माळेला बसत होता. शेवटी टाकी वायव्येला हलवली. प्लंबिंग धरून ३५ हजार गेले.

म्हणून टाकी आणि जिन्यावरची खोली उत्तरेच्या बाजूला घ्या. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पॅनेल ज्यावर बसतात त्या लोखंडी स्ट्रक्चरच्या पायांसाठी काँक्रीटचे ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या आधीच करून घ्या. नंतर स्लॅबला भोके पाडली की पावसाळ्यात गळती ठरलेली. गच्चीपासून मीटरपर्यंत केबलसाठी एक रिकामा पाइपही भिंतीत टाकून ठेवा.

आता खर्च. मला १ लाख ९० हजार लागले, त्यातले ७८ हजार पीएम सूर्यघर योजनेतून खात्यात परत आले. ३ किलोवॅटला इतकेच अनुदान मिळते, त्याहून मोठे बसवले तरी वाढत नाही. रोज सरासरी बारा युनिट वीज तयार होते, जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, त्यामुळे उन्हाळ्यातली जादा वीज तेव्हा वळती होते. महिन्याला सरासरी २,२०० रुपये वाचतात, म्हणजे सव्वाचार वर्षांत पैसे वसूल.

पॅनेल स्वस्त होण्याची वाट मी तरी पाहणार नाही. माझ्या बिलात पॅनेलचा वाटा निम्म्याहून कमी होता. बाकी सगळे लोखंड, इन्व्हर्टर, केबल, अर्थिंग आणि मजुरी. लोखंड आणि मजुरी काही पॅनेलबरोबर स्वस्त होत नाहीत.

स्लॅब अजून टाकला नसेल तर टाकी नकाशात कुठल्या कोपऱ्यात आहे ते आजच बघा.