डिस्क गेली म्हणण्याआधी केबल बदलून बघा

प्रश्न : आमचा डेस्कटॉप बारा वर्षं जुना, विंडोज ७. दिवाळीच्या साफसफाईत मुलाने कॅबिनेट उघडून ब्रशने धूळ काढली, तेव्हापासून १ टीबीची हार्ड डिस्क कधी दिसते कधी नाही. काल ‘डिस्क इनिशिअलाइझ करा’ असा मेसेज आला. दुकानदार म्हणतो डिस्क गेली, फॉरमॅट मारून बघू. त्यात आईच्या आवाजातल्या ओव्या आहेत, दुसरीकडे कॉपी नाही. घाबरलोय. (एक वाचक, धनकवडी)

उत्तर : काका, आधी तो मेसेज कॅन्सल करा आणि फॉरमॅट तर कुणालाच मारू देऊ नका. इनिशिअलाइझ केलं की डिस्कवर नवीन पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची यादी) लिहिलं जातं, ओव्या लगेच पुसल्या जात नाहीत पण त्या कुठे ठेवल्यात ते विंडोजला कळेनासं होतं आणि मग रिकव्हरीवाल्याच्या दारात जावं लागतं.

साफसफाईनंतर सुरू झालं म्हणताय, म्हणजे माझा पहिला संशय केबलवरच आहे. मशीन बंद करून प्लग काढा. डिस्कला दोन केबली असतात, बारीक ७ पिनची डेटाची आणि रुंद १५ पिनची एसएमपीएसकडून (वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) येणारी. उलट्या बसत नाहीत पण अर्धवट नक्की बसतात, जुन्या केबलला तर क्लिपही नसते. दोन्ही काढून परत घट्ट बसवा, डेटा केबलचं मदरबोर्डकडचं टोकसुद्धा. मग डिस्कवर हलकेच हात ठेवून कुणाला तरी मशीन चालू करायला सांगा. बारीक थरथर जाणवली नाही तर पॉवरची केबल बघा, थरथर आहे पण बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी सेटिंगची स्क्रीन) डिस्कचं नाव नाही तर डेटा केबल किंवा पोर्ट बदला. नवी साटा केबल (हीच ती डेटाची) पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळते. मात्र टक टक टक असा आवाज येत असेल तर तिथेच बंद करा, परत परत चालू करून बघू नका, तो आतला बिघाड असतो.

माझ्या घरी हेच झालं होतं, कॅबिनेटचं झाकण लावलं की डिस्क गायब, काढलं की हजर, दोन दिवसांनी लक्षात आलं की झाकण केबलच्या टोकावर दाबून बसतंय. वडिलांचे सगळे फोटो त्यात होते, जीव टांगणीला लागला होता हो.

डिस्क दिसली की त्याच क्षणी ओव्या पेन ड्राइव्हवर घ्या, बाकीचं नंतर. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून बघा. सी७ ओळीतला ‘रॉ व्हॅल्यूज’खालचा आकडा वाढत असेल तर बहुतेक दोष केबलचा, केबल बदलल्यावर तो कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. ०५ किंवा सी५ ओळीतला तोच आकडा शून्याच्या वर असेल तर डिस्कच थकायला लागलीये, तिच्यावर विसंबून राहू नका.

प्रश्न : ४ टीबीची नवी डिस्क घेतली, विंडोज १० मध्ये २ टीबीच वापरता येतेय, बाकीची अनअलोकेटेड दिसते. फसवलं का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : नाही, फसवलेलं नाही. डिस्क एमबीआर या पार्टिशनच्या जुन्या पद्धतीने तयार झालीये. त्यात सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा) नंबर लिहायला ३२ बिट असतात आणि सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर हिशोब २०४८ जीबीला संपतो. डिस्क रिकामीच असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिच्यावरचं पार्टिशन डिलीट करा, डावीकडे डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून कन्व्हर्ट टू जीपीटी (ही नवी पद्धत) द्या. काही कॉपी केलं असेल तर आधी दुसरीकडे काढून ठेवा. नुसत्या डेटासाठी वापरणार असाल तर जुन्या बायोसच्या मशीनवरही जीपीटी चालते, विंडोजच तिच्यावरून बूट करायची असेल तर मात्र यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी व्यवस्था) लागतं. आणि पूर्ण डिस्क मिळाल्यावर ३७२५ जीबीच्या आसपास दिसेल तेव्हा दचकू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

प्रश्न : एम डॉट टू एसएसडी (मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारी) बसवली आणि जुनी हार्ड डिस्क नाहीशी झाली. (एक वाचक, हडपसर)

उत्तर : बऱ्याच मदरबोर्डवर त्या स्लॉटची आणि एखाद-दोन साटा पोर्टची लाइन एकच असते, स्लॉट भरला की ते पोर्ट बंद पडतात. कुठले ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टला लावा, दिसेल.