जामीनदार कुठून आणायचा?

*"नंदनवनच्या झोपडपट्टीत राहते, चार घरी स्वयंपाक करते. मुलगी बारावी आर्ट्सला आहे. शेजारच्या 19 वर्षांच्या पोराला मोबाइल चोरीच्या केसमध्ये पकडलं. कोर्टानं 15,000 रुपयांचा जामीन दिला, पण जामीनदार मिळेना, म्हणून दोन महिने झाले तो सेंट्रल जेलमध्येच आहे. त्याच्या आजीला घेऊन माझी पोरगी कोर्टात चकरा मारते. आता म्हणते, वकीलच होणार. तिचे काका म्हणतात, वकिली मोठ्या घरच्यांची. तिला डी.एड.ला घालू का?"* – एक आई, नागपूर

ताई, आधी त्या पोराचं बघू.

सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. आजीला घेऊन तिथे जा. कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कुणी विचारत नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्यातच तसं आहे. फोन करायचा तर 15100. आणि हे नीट सांगा: जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंगाच्या अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्येच हे सांगितलं आहे. तुमच्या शेजारच्या पोराला तर दोन महिने झालेत.

आजीच्या पिशवीत काय असेल, ते मी न बघता सांगते. रेशनकार्ड, आधार, लाइटबिल. कोर्टाला हवी असते घरटॅक्सची पावती, नाहीतर तहसीलचा ऐपतीचा दाखला, म्हणजे जामीनदाराकडे तेवढी मालमत्ता आहे याचा कागद. ज्या घराला पट्टाच, म्हणजे जागेचा हक्काचा कागदच नाही, त्याची टॅक्स पावती कुठून येणार? त्याच गुन्ह्यात पकडलेला, पण वडिलांच्या नावावर फ्लॅट असलेला मुलगा त्याच संध्याकाळी घरी जेवायला असतो. गुन्हा सिद्ध दोघांवरही झालेला नसतो. 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. सगळेच जामीनदाराअभावी आत नसतील, पण या पोरासारखे त्यांत आहेत, आणि ते आत असताना घरची मजुरी बुडते, तारखेला माणूस उभा राहत नाही, केसही कमजोर पडते.

हे जुनंच दुखणं आहे. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे 10,000 चा जामीनदार मागितला आणि भावाची हमी नाकारली, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायला सांगितलं. हा निकाल मुलीला वाचायला द्या.

आता तिचं. काका खोटं बोलत नाहीत. सिनिअर वकिलाकडे पहिली काही वर्षं हातात फार थोडं पडतं आणि ज्याच्या घरी वकील आहे त्याला ते सोसतं. तेवढ्यावर मात्र मी तिला अडवणार नाही. बारावीनंतर पाच वर्षांच्या वकिलीच्या कोर्ससाठी एमएच सीईटी लॉ ही राज्याची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. नागपूरजवळच्या वारंग्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही देशपातळीवरची परीक्षा वेगळी, आणि तिथली फी जड आहे. तुमच्या प्रवर्गाच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर बघा, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. विधी सेवा प्राधिकरणात आता पूर्णवेळ बचाव वकील नेमतात, थोड्या वर्षांच्या अनुभवावर सहायकाची जागा मिळू शकते आणि मानधन दरमहा ठरलेलं असतं. कैद्यांच्या घरी जाऊन काम करायची ओढ असेल, तर पदवीनंतर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, हाही रस्ता आहे. तिरपुडे आणि मातृसेवा संघ, दोन्ही महाविद्यालयं शहरातच आहेत.

डी.एड. वाईट नाही. पण जी मुलगी परीक्षेच्या वर्षात परक्या आजीसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढते, तिला मी तिकडे वळवणार नाही. एक अट मात्र घाला: बोर्डाचे पेपर होईपर्यंत चकरा आठवड्यातून एकच. बाकीचं प्राधिकरणाच्या वकिलाला करू द्या, ते त्याचं कामच आहे.